एका गाडीच्या गॅरेजमध्ये हॉट रॉड कूप बांधायची असेल तर (मॉडेल ए पासून सुरवात)

आधी टेप घ्या आणि गॅरेज मोजा, गाडी नंतर शोधा. माझं गॅरेज न्यू जर्सीतल्या जुन्या घराचं, आतून अकरा बाय वीस फूट, एका कोपऱ्यात गॅसचा वॉटर हीटर आणि एका भिंतीला कपाटं ज्यांना हात लावायची मला परवानगी नाही. फोर्ड मॉडेल ए ची कूप (दोन दरवाज्यांची, पक्क्या छपराची गाडी) चौदा फुटांच्या आत बसते, रुंदी साधारण साडेपाच फूट, म्हणजे गाडी मावते. पण तीच गाडी खोलून बॉडी वेगळी, चासी वेगळी, इंजिन वेगळं, दोन दरवाजे, डिकीचं झाकण, चार चाकं असं पसरलं की चालायला पण जागा उरत नाही आणि मग तुम्ही गॅरेजमध्ये जायचंच टाळायला लागता. मी बघितलेले अर्धवट प्रोजेक्ट बहुतेक असेच मेलेत, पैसे संपून नाही. म्हणून खाली जे काही सांगतोय त्या सगळ्याचा क्रम एकाच गोष्टीवर ठरलाय, गाडी जास्तीत जास्त काळ स्वतःच्या चार चाकांवर उभी राहिली पाहिजे आणि ढकलून बाहेर ड्राइव्हवेवर काढता आली पाहिजे.

ट्रॅडिशनल हॉट रॉड म्हणजे नक्की काय, आणि वर्ष ठरवा

थोडक्यात सांगतो. १९३० च्या दशकापासून सदर्न कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या स्वस्त फोर्ड घ्यायची, फेंडर काढून टाकायची, वजन कमी करायची, इंजिन बदलायची आणि म्युरॉक, एल मिराज असल्या कोरड्या तळ्यांवर पळवायची. ह्या शर्यतींसाठी एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संस्था १९३७ मध्ये झाली, युद्धावरून परत आलेल्या पोरांमुळे हे वेड अजून वाढलं, आणि १९४९ ला बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पहिला स्पीड वीक झाला. ट्रॅडिशनल हॉट रॉड म्हणजे त्या काळात, त्या पोरांना भंगारात जे मिळालं असतं त्यातूनच बांधलेली गाडी. मुद्दाम गंजवलेली, साखळ्या लटकवलेली गाडी म्हणजे रॅट रॉड, ते वेगळं प्रकरण आहे आणि मला फारसं आवडत नाही.

म्हणून एक वर्ष पकडा आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवा. माझं १९५२. एखादा पार्ट घेताना एकच प्रश्न विचारायचा, ५२ साली हा मिळाला असता का? ह्याचा फायदा फक्त दिसण्यात नाही, हजार कॅटलॉगांतून तुमची सुटका होते आणि पैसेही वाचतात. सेफ्टीच्या दोन-तीन गोष्टींत मात्र मी ५२ साल गुंडाळून ठेवतो, त्या पुढे येतीलच.

आणि हो, भारतात राहून हे करायचा विचार असेल तर आधी मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, कंपनीने बनवलेल्या गाडीचं मूळ स्वरूप बदलायला तिथे बंदी आहे. त्यामुळे हा लेख अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे असं समजा.

कागद आधी, लोखंड नंतर

मॉडेल ए १९२८ ते १९३१ ह्या मॉडेल वर्षांची. ह्या गाड्यांचा नंबर इंजिनावर डाव्या बाजूला ठोकलेला असतो आणि तोच नंबर चासीच्या डाव्या रेलवर वरच्या बाजूला असतो, पण बॉडी बसलेली असली की तो खाली झाकला जातो. अनेक जुन्या टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) इंजिनाचाच नंबर लिहिलेला असतो आणि ते इंजिन नव्वद वर्षांत दोनदा बदललेलं असतं. त्यामुळे विकणारा कितीही गोड बोलला तरी टायटलवरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळवून बघितल्याशिवाय पैसे काढू नका, आणि तुमच्या राज्याच्या मोटर व्हेइकल ऑफिसला आधीच विचारा की बदललेल्या जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन ते कशात करतात. प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. कंटाळवाणं काम आहे पण शेवटी केलं तर रडावं लागतं.

कुठली गाडी घ्यायची

सगळ्यांना १९३२ ची हवी असते, ड्यूस म्हणतात तिला, आणि तिचे भावही तसेच. नवशिक्याने १९३० किंवा ३१ ची मॉडेल ए कूप घ्यावी असं माझं स्पष्ट मत. संख्येने भरपूर बनल्या, पार्ट नवे मिळतात, बॉडी चौकोनी आहे त्यामुळे पत्र्याचं काम सोपं, आणि सगळ्या काचा सपाट, म्हणजे कुठलाही काचवाला लॅमिनेटेड काच कापून देतो. टेम्पर्ड काच कापता येत नाही, ती मागू नका.

बघायला जाताना एक लोहचुंबक आणि एक टॉर्च. दरवाज्यांचा खालचा भाग, काउलचा (बॉनेट आणि पुढच्या काचेमधल्या भागाचा) खालचा भाग, डिकीचा तळ, बॉडीखालच्या पट्ट्या हे सडलेलं असणारच, ते दुरुस्त होतं, त्याचे तयार पत्रे मिळतात. छपराच्या आतलं लाकूड कुजलेलं असेल तरी घाबरू नका. पण दरवाज्याचं भोक वाकडं असेल, म्हणजे गाडीला कधीतरी मोठा मार बसलाय, तर सोडून द्या. दरवाजा उघडून बंद करा, दहा वेळा करा, विकणारा वैतागला तरी करा.

पार्टसाठी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला ऑक्टोबरमध्ये जो जुन्या गाड्यांचा बाजार भरतो तिथे एकदा जाऊन याच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला आपल्याकडच्या आठवडी बाजाराची आठवण झाली, फक्त भाजीच्या जागी कार्ब्युरेटर. चालायचे बूट, एक हातगाडी आणि रोख पैसे.

गॅरेज तयार करणं

वॉटर हीटरला पायलट ज्योत असेल तर पेट्रोल, थिनर, पार्ट धुणं हे सगळं बाहेर उघड्यावर. यात तडजोड नाही. दोन फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, त्यातलं एक दाराजवळ.

हत्यारं फार लागत नाहीत. चांगला मिग वेल्डर, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के सीओटूचा सिलिंडर, साडेचार इंची ग्राइंडर दोन (एकावर कटिंग डिस्क, एकावर फ्लॅप, सारखं बदलत बसायला नको), ड्रिल, जमेल तेवढ्या सी-क्लॅम्प, चार जॅक स्टँड, फ्लोअर जॅक. इंजिन उचलायचा हॉइस्ट भाड्याने किंवा मित्राकडून, कारण तो वर्षातून तीनदा लागतो आणि उरलेले दिवस पायात येतो. ह्याशिवाय ओळंबा, गुण्या आणि लेव्हल. माझे वडील कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करायचे, ते म्हणायचे की मोजायचं हत्यार उधार आणायचं नाही, आपलं स्वतःचं पाहिजे. बाकी सगळं उधार चालतं.

दोन विषारी गोष्टी आधीच सांगतो. क्लोरिनवाल्या ब्रेक क्लीनरने धुतलेल्या लोखंडावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन नावाचा जीवघेणा वायू तयार होतो, म्हणून वेल्डिंगच्या आधी पत्रा ॲसिटोनने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, ब्रेक क्लीनर नको. आणि जुन्या ब्रेक-क्लचच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, जुन्या रंगात शिसं असतं, त्याच्यावर कंप्रेसरची हवा मारू नका, ओलं करून पुसा, मास्क चांगला वापरा.

आधी नुसती मांडून बघा

हे सगळेच टाळतात. काहीही कापायच्या आधी गाडी लेव्हल उभी करा, पाहिजेत ती टायर-चाकं आणा आणि गाडी कशी बसायला हवी ते लाकडाचे ठोकळे लावून ठरवा. मूळ चाकं १९ इंची असतात. मी १९४० च्या फोर्डची १६ इंची स्टीलची चाकं घेतली, पुढे बारीक टायर, मागे मोठे, त्यामुळे नाक खाली आणि ढुंगण वर असा जो झुकाव येतो तोच हॉट रॉडचा खरा चेहरा. पुढे ५.५०-१६ आणि मागे ७.५०-१६ ही जोडी चांगली दिसते. लांब उभं राहून फोटो काढा, एक आठवडा बघा, मग बदला. टायर आणि उंची एकदा नक्की झाली की एक्सल किती ड्रॉपचा (म्हणजे मधे किती खाली वाकवलेला), पाटा (स्प्रिंग) किती वाकवायचा, इंजिन कुठे बसणार हे सगळं आपोआप ठरत जातं, नाहीतर उलट होतं, आधी चासी बनवतात आणि मग गाडी बोकडासारखी उंच उभी राहते.

चासी

आता बॉडी उतरवायची. चार-पाच मित्र, पावभाजीचं आमिष, आणि आधीच बनवून ठेवलेली चाकांची लाकडी गाडी. पण उतरवायच्या आधी दरवाजे बंद ठेवून बॉडीच्या आत चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे आधार वेल्ड करा. न करता उतरवली तर बॉडी दुमडते. हे मी ऐकलं नव्हतं असं नाही, ऐकलं होतं, तरी "थोडाच वेळ तर ठेवायची आहे" म्हणून आधार न लावता उतरवली आणि डावा दरवाजा परत नीट लागायला मला दोन महिने लागले.

मॉडेल ए ची चासी म्हणजे उघड्या सी आकाराच्या बारीक रेल. मूळचं इंजिन ४० हॉर्सपॉवरचं, त्याला पुरेशी होती, व्ही-एटला (व्ही आकारात बसवलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाला) नाही. म्हणून रेलच्या उघड्या बाजूला पट्टी लावून ती बॉक्स करायची, पुढून निदान इंजिनाच्या मागेपर्यंत, शक्य असेल तर पूर्ण. चासी भक्कम स्टँडवर लेव्हल करून क्लॅम्पने आवळा, आडवे आधार द्या, आणि मग एक-एक इंचाचे टाके, एक इथे, पुढचा दुसऱ्या टोकाला, तिसरा दुसऱ्या रेलवर. सलग वेल्ड मारत सुटलात तर रेल केळ्यासारखी वाकते. प्रत्येक वेळी कर्ण मोजा. चासी पुढे निमुळती आहे पण दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे डावा कर्ण आणि उजवा कर्ण सारखाच यायला हवा, एका सुताच्या आत. सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, इथल्या लोकांना हा शब्द शिकवून मी थकलो.

वेल्डिंग अजून कच्चं असेल तर खरं बोला स्वतःशी, टाके तुम्ही मारा आणि चासी ट्रेलरवर टाकून सर्टिफाइड वेल्डरकडून फायनल करून घ्या. स्टिअरिंग आणि ब्रेकच्या ब्रॅकेटच्या बाबतीत तर हे मी सगळ्यांनाच सांगतो.

एक्सल, स्टिअरिंग, ब्रेक

इंजिन आणायच्या आधी गाडी थांबायला शिकली पाहिजे.

पुढे चार इंच ड्रॉपचा एक्सल, आडवा एकच पाटा, १९३७ ते ४१ ची स्पिंडल (ज्यावर चाक फिरतं तो भाग). किंगपिन (ज्यावर स्पिंडल वळतं ती पिन) आणि बुश नवे, बुश रीमर मारून बसवायचे, हातोड्याने ठोकून नाही. कॅस्टर (किंगपिन मागे झुकलेली असते तो कोन) ६-७ अंशाच्या आसपास ठेवा, कमी ठेवला तर गाडी रस्त्यावर नागिणीसारखी डोलते आणि खड्डा आला की पुढची चाकं थडथडतात. स्टिअरिंगसाठी १९४८ ते ५२ च्या फोर्ड एफ-१ ट्रकचा बॉक्स वापरतात, मॉडेल ए च्या मूळ बॉक्सपेक्षा खूप भक्कम आहे.

ब्रेक. मॉडेल ए चे ब्रेक रॉडने ओढले जाणारे मेकॅनिकल, आणि फोर्डने १९३९ पर्यंत हायड्रॉलिक दिलेच नव्हते. म्हणून १९३९-४८ च्या फोर्डचे १२ इंची हायड्रॉलिक ड्रम चारही चाकांना लावायची पद्धत तेव्हापासूनच आहे, म्हणजे हे ट्रॅडिशनलही झालं आणि चांगलंही. पण मास्टर सिलिंडर त्या काळचा एकेरी लावू नका, एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. इथे ५२ साल बाजूला, दोन सर्किटवाला लावा, गाडीच्या फ्लोअरखाली लपतो, कोणाला दिसत नाही. मास्टर चाकांच्या सिलिंडरपेक्षा खाली बसत असेल तर ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर तेल मागे येतं आणि पेडल पहिल्या वेळी खालपर्यंत जातं. आणि हे ब्रेक आपोआप ॲडजस्ट होत नाहीत, प्रत्येक शूची जागा हाताने लावावी लागते, पुस्तक वाचून शांतपणे करा.

मागे बँजो एक्सल, १९४० च्या आसपासचा, तोही आडव्या पाट्यावर. इथपर्यंत आलात की चासी चार चाकांवर उतरवा, बॉडी परत वर ठेवा, चार बोल्ट लावा. बघा, अर्धं गॅरेज परत मिळालं.

इंजिन: फ्लॅटहेडच का

फोर्डने १९३२ ला फ्लॅटहेड व्ही-एट काढलं, २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि स्वस्तातल्या गाडीत व्ही-एट ही त्यावेळी मोठीच गोष्ट होती. अमेरिकेत फोर्डच्या गाड्यांत १९५३ पर्यंत चाललं. नवशिक्याने १९४९-५३ चं ८बीए हे मॉडेल घ्यावं, २३९ क्युबिक इंच, १०० हॉर्सपॉवरचं (१९५२-५३ ला ११०). एक फायदा असा की फ्लॅटहेडचा डिस्ट्रिब्युटर पुढे असतो, त्यामुळे फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) कापावी लागत नाही. छोट्या शेवरोले व्ही-एटचा मागे असतो आणि मॉडेल ए मध्ये बरोबर फायरवॉलवर आपटतो. एक तोटा असा की ८बीए ला जुना १९३९ चा तीन स्पीड गिअरबॉक्स सरळ लागत नाही, त्यासाठी त्याच काळातल्या फोर्ड ट्रकची बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) शोधावी लागते. इंजिन घेतानाच तिच्यासकट मिळतंय का ते विचारा.

आता भेगा. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, सिलिंडरच्या शेजारी, आणि एक्झॉस्टचा गरम वायू ब्लॉकच्या पाण्यातून वाट काढत बाहेर जातो. वर मधल्या दोन सिलिंडरना एकच एक्झॉस्ट तोंड, म्हणजे एका बाजूला चार सिलिंडर आणि तीनच तोंडं. एवढी उष्णता ब्लॉकमध्ये, म्हणून हे इंजिन तापतं आणि व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरकडे भेगा पडतात. माझा पहिला ब्लॉक दिसायला इतका सुंदर होता की मी तिथल्या तिथे पैसे दिले, घरी आणला, मशीन शॉपमध्ये मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने भेगा शोधायची तपासणी) केला तर तीन ठिकाणी भेग. तो आता अंगणात कुंडीचा स्टँड आहे. तर क्रम असा, ब्लॉक सुटा करा, धुवा, मॅग्नाफ्लक्स करा, ठीक निघाला तरच पुढचा एक रुपया खर्च करा.

तापण्याचं दुसरं कारण म्हणजे पाण्याच्या पोकळीत साठलेला गंज आणि ओतकामाच्या वेळची वाळू, सत्तर वर्षांची. वायर घालून, ठोकून, परत परत धुवून ती काढायची, बादलीभर निघते कधीकधी. ही एक गोष्ट नीट केली आणि रेडिएटर चांगला लावला तर फ्लॅटहेड तापतं तापतं म्हणून जी ओरड आहे त्यातली बरीच संपते.

सजावटीत दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर पुरे, तीन फोटोसाठी. पेट्रोलचा दाब साधारण अडीच पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर ते गळतात आणि खाली गरम इंजिन आहे. फायरिंग ऑर्डर १-५-४-८-६-३-७-२, फायरवॉलच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा, वायरी लावताना डोकं चालत नाही.

पेट्रोलची टाकी

मॉडेल ए ची टाकी काउलमध्ये, म्हणजे अक्षरशः तुमच्या गुडघ्यांच्या वर, आणि टाकीचा वरचा पत्रा हाच गाडीचा बाहेरून दिसणारा पत्रा. बहुतेक लोक नवी टाकी डिकीत बसवतात आणि जुनीचा फक्त वरचा पत्रा ठेवतात. जुनी टाकी घरी कापू नका, ग्राइंडर नाही, वेल्डर नाही, "वीस वर्षं रिकामी आहे" म्हणून तर अजिबात नाही. टाकी-रेडिएटरचं काम करणाऱ्याकडे द्या.

छप्पर कापणं, म्हणजे चॉप

हाच भाग सगळ्यांना पहिल्या दिवशी करायचा असतो, म्हणून मुद्दाम इतक्या खाली ठेवलाय. बॉडी तयार चासीवर बोल्ट केलेली, दरवाजे लागलेले, फटी सारख्या, आतले आधार जागेवर, एवढं झाल्याशिवाय करवत हातात घ्यायची नाही. तीन इंच पुरे. पाच इंच कापलेली गाडी फोटोत भारी दिसते पण आत बसून सिग्नल दिसत नाही. आधी सीटवर बसा, समोर काचेवर चिकटपट्टी लावून बघा मान कुठे येते. कापताना प्रत्येक खांब एकाच पातळीवर कापायची गरज नाही, जिथे वरचा आणि खालचा भाग एकमेकांना रुंदीने जुळतो तिथे कापा. टाके मारून छप्पर ठेवा, दोन दिवस लांबून बघा, मगच पूर्ण वेल्ड, थोडं थोडं, थंड होऊ देत.

वायरिंग आणि बाकी

मूळ ६ व्होल्ट आहे, मी १२ केलं, कबूल. फ्यूज बॉक्स सीटखाली, दिव्यांना रिले, बॅटरीला कट-ऑफ स्विच. मागचे दिवे १९३९ च्या फोर्डचे थेंबाच्या आकाराचे. सीट बेल्ट ५२ सालच्या फोर्डमध्ये नव्हते, तरी लावा, आणि नुसत्या पत्र्याला नाही, चासीला जोडलेल्या पट्टीला.

रंगाच्या आधी चालवा

आता गाडी नागड्या पत्र्यावर, हवं तर नुसता प्रायमर मारून, रजिस्ट्रेशन-इन्शुरन्स करून चालवा. पहिला दिवस फक्त गल्लीत, ब्रेक तपासायला. पहिले ५० मैल झाले की हेडचे बोल्ट (ॲल्युमिनियम हेड असतील तर इंजिन थंड असताना), चाकांचे नट, स्टिअरिंगच्या सगळ्या कॉटर पिना, पाट्याचे यू-बोल्ट परत बघा. ५०० मैलांवर पुन्हा. ह्या काळात तुम्हाला अजून चार ब्रॅकेट वेल्ड करावे लागतील, दोन भोकं पाडावी लागतील, एक पाइप हलवावा लागेल, आणि रंग मारलेला असता तर त्या प्रत्येक वेळी रडला असता. एक पूर्ण उन्हाळा गेला की थंडीत खोला, रंगवा.

माझी ह्याच टप्प्यावर आहे, राखाडी प्रायमरमध्ये. मूळ टाकीला वरतीच काटा होता, टाकी गेली तशी तो पण गेला, आणि डिकीतल्या नव्या टाकीच्या गेजची वायर मी अजून जोडलेली नाही, त्यामुळे निघायच्या आधी डिकी उघडून लाकडी काठी बुडवून बघतो. काठीवर दोन गॅलनला एक अशा खुणा केल्यात, खालच्या खुणेच्या आत ओलं असेल तर आधी पंपावर.